कोन कुणाच्या हातात

ठाण्याच्या नौपाडा-पाचपाखाडीतली एखादी जुनी इमारत पुनर्विकासाला जाते, तेव्हा घर रिकामं करताना न्हाणीघरातल्या आरशामागचं कपाट सगळ्यात शेवटी उघडलं जातं. आतला ऐवज ठरलेला. झिजून साबणाच्या चिपेसारखी झालेली तुरटी, निम्मे केस गळालेला ब्रश, गंज चढलेला पावडरचा डबा आणि एखाददोन रेझर. डब्याबरोबर रेझरही भंगारात जातात. जाऊ देऊ नयेत. निदान चष्मा लावून एकदा बघावेत.

बहुतेक घरांत दोन पिढ्यांचे दोन नमुने निघतात. एक म्हणजे अख्खं ब्लेड घेणारा तीन तुकड्यांचा सेफ्टी रेझर: वरची टोपी, खालची पट्टी आणि दांडा. दुसराही धातूचाच, पण सडपातळ. त्याच्या डोक्यावर प्लॅस्टिकची कार्ट्रिज अडकवायची. हा सत्तर-ऐंशीच्या दशकातला, आखातातून किंवा अमेरिकेतून आलेल्या कुणाच्या तरी बॅगेतून घरात शिरलेला. पहिल्याला आज पुन्हा भाव आला आहे. घोडबंदर रोडच्या टॉवरांमधली तिशीतली मंडळी नवाकोरा स्टीलचा सेफ्टी रेझर मागवतात आणि फेसाचे फोटो काढतात. दुसऱ्याला कुणी विचारत नाही. कौतुक करावं इतका तो जुना नाही, आणि पाच पात्यांच्या जमान्यात नवा म्हणून खपण्यासारखाही राहिलेला नाही. माझ्या मते हा अन्याय आहे. पण त्याची बाजू मांडायची तर आधी दोघांची रचना उघडून पाहायला हवी.

सेफ्टी रेझरपासून सुरुवात करू. किंग कॅम्प जिलेटने १९०१ साली बॉस्टनमध्ये कंपनी काढली. १९०३ साली माल विकायला आला, तेव्हा वर्षभरात गेले ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं. वस्तऱ्याचं पोलाद जाड असतं, म्हणून तो ताठ राहतो. जिलेटला हवं होतं वापरून फेकून देता येईल असं पातळ पातं, आणि पातळ पातं लिबलिबतं. ब्लेडची जाडी असते ०.१ मिलिमीटर, म्हणजे दाढीच्या एका केसाएवढी. ते ताठ ठेवायची युक्ती टोपीच्या आतल्या गोलाईत आहे. पेच आवळला की ब्लेड त्या गोलाईवर वाकतं, आणि वाकलेला पत्रा ताठ होतो. छपरावरचे पन्हाळी पत्रे ज्याने हाताळलेत त्याला हे वेगळं सांगायला नको. म्हणूनच पेच ढिला राहिला की ब्लेड थरथरतं आणि गाल खरवडतो. दोष ब्लेडच्या कंपनीला दिला जातो.

ब्लेडच्या पोटात जी नक्षी कापलेली असते, तिच्यामागेही एक भांडण आहे. सुरुवातीच्या ब्लेडला तीन गोल भोकं होती. १९३० च्या सुमारास हेन्री गेझमनच्या ऑटोस्ट्रॉप कंपनीशी जिलेटचं पेटंटवरून वाजलं, शेवट दोन्ही कंपन्या एक होण्यात झाला, आणि त्यातून मधल्या सलग फटीचं ब्लेड रूढ झालं. तो आकार पुढे बदललाच नाही. त्यामुळे आज कोपऱ्यावरच्या जनरल स्टोअरमधून घेतलेलं ब्लेड आजोबांच्या रेझरमध्ये बिनबोभाट बसतं. ठाणेकरांना तर हे ब्लेड घरचंच. सुपर-मॅक्स हे ब्लेडचं नाव इथल्याच वागळे इस्टेट या कारखान्यांच्या वसाहतीतलं. ते बनवणाऱ्या विद्युत मेटॅलिक्स कंपनीची पाती इथून देशोदेशी गेली.

कार्ट्रिजची गोष्ट याच्या उलट्या दिशेने जाते. १९७१ साली जिलेटचा ट्रॅक टू आला, प्लॅस्टिकच्या छोट्या घरात एकामागे एक बसवलेली दोन पाती घेऊन. १९७७ साली ॲट्रा आला, त्याचं डोकं डुलायला लागलं. १९८५ साली ॲट्रा प्लसवर ती ओली झाली की बुळबुळीत होणारी पट्टी चिकटली. मग १९९० साली सेन्सर, १९९८ साली माक थ्री, २००६ साली फ्यूजन. ॲट्रा प्लस सोडला तर प्रत्येक वेळी डोकं अडकवायची खाच नवी. दांडा कुलूप आणि कार्ट्रिज किल्ली, असा हा व्यवहार आहे. किल्ली बाजारातून गेली की कुलूप शोभेचं होतं.

म्हणून कपाटात सापडलेल्या कार्ट्रिजवाल्या दांड्याची पहिली परीक्षा ही, की त्याला आज काय बसतं. डोकं ताठ असेल, जरासुद्धा डुलत नसेल, तर तो ट्रॅक टूच्या जातीचा. भारतात सेव्हन ओ'क्लॉकच्या नावाने आलेली पी-टू कार्ट्रिज त्याच घराण्यातली. दांड्याच्या टोकाला दोन छोटे बाहू आणि मध्ये स्प्रिंग असेल तर तो ॲट्रा, आणि त्यावर आपल्याकडची व्हेक्टरची कार्ट्रिज बसते. ही गोष्ट माहीत नसल्यामुळे कितीतरी चांगले ॲट्राचे दांडे भंगारात गेले असतील. बसवून पाहताना स्पष्ट टक् असा आवाज यायला हवा. मग अंगठ्याने कार्ट्रिज आडवी ढकलून बघा. खुळखुळली तर तोंडाला लावू नका. बटण अडकत असेल तर बहुतेक वेळा स्प्रिंग गेलेली नसते, आत चाळीस वर्षांचा साबण दगड होऊन बसलेला असतो.

तो काढायची पद्धत सोपी आहे, घाई तेवढी नको. वाटीभर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब टाकून दांडा १५ मिनिटं बुडवून ठेवायचा. नंतर मऊ केसांच्या जुन्या टूथब्रशने खाचा घासायच्या. बटण पाण्यातच वीस-पंचवीस वेळा मागेपुढे करायचं. पुन्हा धुऊन, पुसून, ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये दहा मिनिटं ठेवलं की दुसऱ्याच्या वस्तूची धास्ती राहत नाही. उकळतं पाणी नको, कारण जुन्या दांड्यांमध्ये प्लॅस्टिकचे तुकडे आणि रंगीत पट्ट्या असतात. लिंबू, चिंच, व्हिनेगर तर अजिबात नको. तांब्या-पितळेच्या भांड्यांची सवय असलेला हात पटकन पितांबरीकडे जातो, पण रेझरवरचा मुलामा केसाहून पातळ असतो. सोनेरी मुलामा असेल तर टूथपेस्टनेही निघून येतो.

सेफ्टी रेझर तपासताना नजर आट्यांवर ठेवायची. टोपीच्या पोटातून निघालेली आट्यांची काडी हा त्याचा सगळ्यात नाजूक अवयव. रेझर पितळी असेल तर ती काडी पिढ्यान् पिढ्या टिकते. जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचा असेल तर मुलाम्याला आधी फोड येतात, मग आतला धातू पिठासारखा भुसभुशीत होतो, आणि एक दिवस आवळताना काडी हातात येते. स्वस्तातले नवे रेझर बहुतेक याच धातूचे. ओळखायची खूण वजन आणि चरा. आतल्या बाजूला खरवडलेल्या जागी पिवळा धातू दिसला तर पितळ, करडा दिसला तर जस्त.

आता मूळ मुद्दा. या दोघांतला फरक लोक पात्यांच्या संख्येवर मोजतात. मी तो कोनावर मोजतो. ब्लेड कातडीशी साधारण ३० अंशांत यावं लागतं. कोन कमी झाला की धार केसावरून घसरते, वाढला की कातडी खरवडते. सलूनमधल्या वस्तऱ्यात हा कोन पूर्णपणे कारागिराच्या मनगटात असतो. तिथे ब्लेड कागदासकट मधोमध मोडून त्याचं अर्धं वस्तऱ्यात सरकवतात आणि पुढचं सगळं हाताच्या भरवशावर चालतं. सेफ्टी रेझरमध्ये टोपी आणि पट्टी मिळून कोनाला थोडं कुंपण घालतात, पण आत वावरायला मोकळीक राहते. ट्रॅक टूमध्ये कोन कारखान्यातच पक्का झालेला असतो. पुढची कड आणि मागची कड दोन्ही गालाला टेकली की कोन बरोबर. ॲट्रात तेवढंही लक्ष द्यावं लागत नाही, डोकं आपणच गालाप्रमाणे वळतं.

या उतरंडीत ट्रॅक टू नेमका मधल्या पायरीवर उभा आहे. कोन ठरलेला, पण मान ताठ. चुकीचा धरला तर तो लगेच सांगतो, कारण एकच कड टेकते आणि केस ओढला जातो. वजन धातूचं, त्यामुळे दाबावं लागत नाही. आजच्या प्लॅस्टिकच्या हलक्या दांड्याला वजनच नसल्याने माणूस नकळत दाबतो, आणि निम्म्या तक्रारी तिथे सुरू होतात. शिकाऊ माणसाने थेट सेफ्टी रेझर घ्यावा असं सांगणारे भेटतात. मला ते पटत नाही. महिनाभर ताठ मानेच्या कार्ट्रिजवर हात बसवला, तर सेफ्टी रेझरवर जाताना रक्त कमी सांडतं.

दोन पात्यांचा दावा मात्र तपासून घ्यायला हवा. पहिलं पातं केस कापता कापता त्याला मुळातून किंचित बाहेर ओढतं, तो परत आत जाण्याआधी दुसरं पातं त्याला आणखी खालून कापतं. उरलेला खुंट कातडीच्या पातळीखाली जातो. गुळगुळीतपणा त्यामुळेच येतो आणि संध्याकाळपर्यंत टिकतो. ज्याचे केस सरळ आहेत त्याला यात फायदाच. ज्याचे केस कुरळे किंवा जाड आहेत, त्याचा हा खाली गेलेला खुंट वाढताना वाकतो आणि बाहेर पडायच्या ऐवजी कातडीतच शिरतो. गळ्यावर जे लाल, दुखरे फोड दर सोमवारी उठतात ते यातले. अशा माणसाने एका पात्यावर जावं, सुलटी, म्हणजे केसांच्या कलाने, दाढी करावी आणि थोडे खुंट हाताला लागले तर लागू द्यावेत.

दाढी कशानेही करा, निम्मं काम पाण्याचं आणि फेसाचं. पालिकेचं पाणी नशिबाने चांगलं. ठाण्याला भातसा, बारवी आणि उल्हास नदीचं येतं, नवी मुंबईला मोरबे धरणाचं. धरणातलं पावसाचं पाणी, म्हणून तुलनेने मऊ. अडचण होते ती टँकरवर किंवा बोअरवेलवर चालणाऱ्या सोसायट्यांत. बोअरच्या जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून पांढरी साय तयार करतात, फेस उभाच राहत नाही, आणि तीच साय कार्ट्रिजच्या दोन पात्यांमध्ये जाऊन बसते. बादलीवर पांढरे डाग पडत असतील तर पाणी जड समजा. मग फेसापुरतं आरओ फिल्टरचं अर्धी वाटी पाणी गरम करून घ्या. तोंड धुवायला बोअरचं चालेल.

ब्रश दोन मिनिटं कोमट पाण्यात भिजत ठेवायचा, तेवढ्यात तोंड धुऊन ओलंच ठेवायचं. पाणी प्यायलेला केस फुगतो आणि मऊ होतो, त्याला दोन-तीन मिनिटं पुरतात. आंघोळीनंतर दाढी करावी असं म्हणतात ते यासाठीच. ब्रश दोनदा झटकून क्रीम घ्यायचं चणाडाळीच्या चार-पाच दाण्यांएवढं. जाहिरातीत ब्रशच्या लांबीभर पिळतात तेवढं कधीही लागत नाही. गालावर किंवा वाटीत गोल गोल फिरवून मिनिटभर घोटायचं, मग ब्रशचं टोक पाण्याला लावून पुन्हा घोटायचं, असं तीन वेळा. फेस श्रीखंडासारखा झाला तर पाणी कमी पडलं, असा फेस गालावरच वाळतो. मठ्ठ्यासारखा झाला तर पाणी जास्त, तो ओघळतो आणि धारेखाली काही राहत नाही. फेटलेल्या दह्यासारखा, चमक असलेला आणि ब्रश उचलला की छोटं टोक उभं राहून वाकणारा, इथे थांबायचं.

ब्लेड घालताना त्याला फक्त दोन आखूड बाजूंनी धरायचं. टोपी उलटी तळहातावर, काडी वर. त्यावर ब्लेड, त्यावर पट्टी, मग दांडा फिरवायचा. पूर्ण आवळण्याआधी टोपी आणि पट्टी आखूड बाजूंना अंगठा-तर्जनीत घट्ट दाबून धरा आणि मग शेवटचा पाव फेरा द्या. नंतर रेझर उजेडाकडे धरून दोन्ही धारा डोळ्यांसमोर आणा. दोन्हीकडे ब्लेडची पट्टी सारख्याच रुंदीची दिसली पाहिजे. एका बाजूला तिरकी दिसली तर ती बाजू कापणार आणि दुसरी नुसती फिरणार. पक्कड लावून आवळू नये. वर सांगितलेली काडी तुटते ती अशाच वेळी.

केसांचा कल आदल्या दिवशीच बघून ठेवावा, खुंट असताना. बोट गालावरून खाली नेलं की गुळगुळीत लागतं, वर नेलं की टोचतं. गालांवर हे बहुतेकांचं सारखं असतं. गळ्यावर मात्र प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. कंठमण्याच्या दोन्ही बाजूंना केस आडवे किंवा भोवऱ्यासारखे फिरलेले असतात, आणि वरून खाली ओढलेला हात तिथे सुलटा समजून उलटा चाललेला असतो. रोज एकाच जागी जळजळ होत असेल तर कारण नव्वद टक्के इथेच सापडेल.

सेफ्टी रेझरची टोपी गालावर सपाट टेकवायची, तेव्हा दांडा गालापासून सरळ बाहेर येतो. मग दांडा हळूहळू खाली आणत जायचं. धार केसाला लागल्याचा पहिला खर्र आवाज आला की तो आपला कोन. पंखा बंद ठेवून दाढी केली तर हा आवाज हाताला फार काही शिकवतो. आवाज भरीव आहे तोवर केस कापला जातोय, बारीक सूं झाला की कातडी. हात दोन-तीन सेंटिमीटरचा, छोटा. मनगट ताठ, हालचाल कोपरातून. दुसऱ्या हाताने कातडी ताणलेली. हनुवटीवर हात आणखी आखूड, कारण तिथे गोलाई दर बोटाला बदलते. वरच्या ओठाशी नाक बाजूला दाबून ओठ दातांवर ओढून घ्यायचा. पहिला हात सुलटा, पुन्हा फेस लावून दुसरा आडवा. तिसरा, उलटा, रोज करायची गरज नसते. सलूनमध्ये ‘उलटी मारू का?’ विचारतात तेव्हा गळ्यापुरतं नाही म्हणायला हरकत नाही.

जुन्या कार्ट्रिजची रीत निराळी. इथे कोन शोधायचा नसतो, डोकं सपाट बसलं की झालं. हात थोडा लांब चालतो. पण दर दोन हातांनी धुवावं लागतं, कारण त्या काळच्या कार्ट्रिजमधली दोन पाती जवळजवळ असतात आणि मागची फट अरुंद असते, केस आणि फेस मध्ये अडकतो. नळाची धार मागच्या बाजूने सोडा, म्हणजे कचरा पुढे निघतो. बेसिनवर ठोकू नका, प्लॅस्टिक तडकतं. चार दिवसांची वाढलेली दाढी या रेझरला झेपत नाही. आधी ट्रिमर किंवा कात्री फिरवावी लागते. सेफ्टी रेझर त्या जंगलातूनही वाट काढतो.

चुकलं काय हे चेहरा सांगतो, फक्त वाचता आलं पाहिजे. टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसले तर दाब जास्त झाला. सरळ बारीक रेघ कापली तर हात आडवा घसरला. सगळा भाग लाल होऊन चुरचुरला तर कोरड्या फेसावर एकच जागा चार वेळा घासली, किंवा ब्लेडची धार गेली आहे. केस ओढल्यासारखं वाटलं तर ब्लेड लगेच बदला. दाढी झाल्यावर ओल्या तुरटीचा खडा गार पाण्याने धुतलेल्या गालावर फिरवला की जिथे जिथे जास्त झोंबतं, तिथे तिथे आज हात चुकला. एवढा प्रामाणिक मास्तर पाच-दहा रुपयांत मिळतो. अर्ध्या मिनिटाने धुऊन टाकायची, नाहीतर कातडी ओढते.

ब्लेड किती दाढ्या चालवावं याला एक आकडा नाही, बहुतेकांना तीन ते पाच. केस पोलादाहून कितीतरी मऊ, तरी धार जाते कशी, याचा शोध एमआयटीतल्या संशोधकांनी घेतला आणि २०२० साली सायन्स या नियतकालिकात मांडला. धार झिजून गोल होण्यापेक्षा तिचे बारीक कण उडतात. केस वाकून धारेवर एका बाजूने आला आणि नेमकं तिथलं पोलाद एकजिनसी नसलं, की टवका निघतो. काचेच्या ग्लासात आतून ब्लेड घासून धार लावणारे आजोबा आठवत असतील. त्यांचं चुकत नव्हतं, त्यांचं ब्लेड साध्या कार्बन पोलादाचं होतं. साठच्या दशकात स्टेनलेस ब्लेड आलं आणि धारेवर टेफ्लॉनसारखा थर बसू लागला. तो घासून फक्त जातो. टॉवेलने धार पुसली तरी तेच होतं.

ऐरोली-वाशीच्या खाडीकडे तोंड असलेल्या घरांत जुलै-ऑगस्टमध्ये स्टेनलेसवरही डाग पडतात. स्टेनलेस म्हणजे न गंजणारं नव्हे, उशिरा गंजणारं. दाढीनंतर रेझर उघडून धुवा, झटका, पेच अर्धा फेरा ढिला ठेवा आणि पावसाळ्यापुरता तो न्हाणीघरातून स्वयंपाकघराच्या खिडकीशी हलवा. ब्रशला बुरशी लागते तीही याच दिवसांत. कार्ट्रिजला उघडून वाळवायची सोय नाही, दोन पात्यांमध्ये पाणी राहतंच. पावसात ती लवकर बिघडते ती धारेपेक्षा या ओलीमुळे.

पैशांचा हिशेब थोडक्यात. ब्लेड पाच रुपयांचं आणि चार दाढ्यांचं धरलं तर दाढीला सव्वा रुपया. दोन पात्यांची कार्ट्रिज चाळीस रुपयांची आणि दहा दाढ्यांची धरली तर चार रुपये. आपल्या बाजारात या गणिताला धक्का दिला तो गार्डने. २०१० साली जिलेटने खास भारतासाठी एका पात्याची कार्ट्रिज काढली, रेझर १५ रुपयांना आणि पातं ५ रुपयांना. सुटं ब्लेड सोडायला तयार नसलेल्या घरांत कार्ट्रिज शिरली ती अशी. विमानाने जाणाऱ्यांना आणखी एक हिशेब ठेवावा लागतो. कार्ट्रिज हातातल्या बॅगेत चालते, सुटं ब्लेड सुरक्षा तपासणीत काढून घेतात.

वापरलेली ब्लेडं सुट्या कचऱ्यात टाकू नयेत. घंटागाडीवरची माणसं कचरा हाताने वेगळा करतात. टाल्कमचा तोच जुना पत्र्याचा डबा घ्या, झाकण चिकटवून टाका, वर अडीच सेंटिमीटर लांबीची फट पाडा. ब्लेडची आखूड बाजू साधारण २२ मिलिमीटर, त्यामुळे ते आरामात जातं. डबा भरायला वर्षं लागतात. भरला की फटीवर चिकटपट्टी लावून, वर ठळक ‘ब्लेड’ लिहून, सुया-औषधांच्या घातक कचऱ्याबरोबर वेगळा हातात द्यायचा.

राहता राहिलं एक काम, ज्यात ताठ मानेची जुनी कार्ट्रिज सेफ्टी रेझरला सरळ मागे टाकते. दुसऱ्याची दाढी. अंथरुणाला खिळलेल्या वडिलांची दाढी घरच्या घरी करायची वेळ पुष्कळांवर येते. आपल्या गालावर कोन कातडीला आतून कळतो, दुसऱ्याच्या गालावर कळत नाही. तिथे कोन कारखान्याने ठरवलेला बरा. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर दोन्ही रेझर बाजूला ठेवून विजेचं मशीन घ्या. नसतील तर पाठीशी उशी देऊन त्यांना बसतं करा, मानेखाली पंचा घाला, गरम पाण्यात पिळलेला रुमाल दोन मिनिटं गालांवर धरा. म्हातारपणी कातडी सैल होते, म्हणून ताणणारा हात रेझरच्या हाताइतकाच कामाचा. कानाजवळून वर ओढून धरायची, गालफडं आत गेली असतील तर कवळी लावूनच दाढी करायची, म्हणजे गालाला आतून आधार मिळतो. फक्त सुलटा हात. गिळताना कंठमणी हलतो, तेव्हा गळ्यावर रेझर टेकवण्याआधी ‘आता गिळू नका हं, बाबा’ म्हणायचं आणि त्यांचं गिळून होईपर्यंत थांबायचं. तुरटी नको, झोंबते. कोमट पाण्याच्या पंचाने टिपून घ्यायचं आणि आरसा त्यांच्या हातात द्यायचा.